स्कॅनच्या इंजेक्शनची बाटली हातात येते तेव्हा



आपल्या गटांच्या कर्जमागणी अर्जांत ‘कारण’ म्हणून एक रकाना असतो. पूर्वी त्यात बी-बियाणं, शेळी, मुलांची फी, बाळंतपण असं लिहिलेलं असायचं. आता त्यात ‘स्कॅन’ हा शब्द वारंवार येतो. सासऱ्यांचं पोट दुखतं, नवऱ्याला लघवीतून रक्त जातं, आईच्या छातीत गाठ आहे, की डॉक्टर लिहून देतात: सीटी स्कॅन, कॉन्ट्रास्टसह. मग अंतर्गत कर्ज, मग तालुक्याची नाहीतर जिल्ह्याची एसटी.

स्कॅन सेंटरवर पैसे भरले की पुष्कळ ठिकाणी एक चिठ्ठी हातात देतात. ‘खालच्या मेडिकलमधून हे इंजेक्शन घेऊन या.’ दुकानदार खोक्यातली एक बाटली देतो. ५० मिलीची, कधी १०० मिलीची. ती घेऊन तुम्ही जिना चढता, किंवा रस्ता ओलांडून परत येता. सेंटरवाल्याच्या हातात ती जाईपर्यंत पाच-दहा मिनिटं ती बाटली फक्त तुमच्याकडे असते. हा लेख त्या पाच-दहा मिनिटांसाठी आहे.

आपल्या प्रभागातल्या एका ताईंनी त्या वेळात बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी काहीतरी पांढरं चमकत होतं. बारीक, साखरेच्या कणीएवढंसुद्धा नाही. बाटली तिरकी केली की ते हळूच घसरायचं. त्यांना वाटलं, असेल औषधाचाच गाळ, हलवून घ्यायचं असेल. मुलाच्या खोकल्याच्या औषधावर लिहिलेलं असतं ना, ‘वापरण्यापूर्वी हलवा’, तसं. तरी त्यांनी आत गेल्यावर विचारलं. आतला मुलगा म्हणाला, ‘ताई, असं काही कुणी बघत बसत नाही, द्या इकडे.’ ताईंनी दिली नाही. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी ती बाटली म्हणजे काय हे समजून घेऊ, म्हणजे ताई बरोबर होत्या की उगाच अडून बसल्या होत्या हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

हे औषध रोग बरा करत नाही

एक्स-रेमध्ये हाड पांढरं स्वच्छ दिसतं, कारण हाड किरणांना अडवतं. पण आतडं, यकृत, मूत्रपिंड, रक्ताच्या नळ्या हे सगळं मऊ. सीटीमध्ये ते करड्या रंगाचं, एकमेकांत मिसळल्यासारखं दिसतं. गाठ कुठे संपते आणि चांगला भाग कुठे सुरू होतो ते कळत नाही. म्हणून रक्तात असं काहीतरी सोडतात जे किरणांना अडवेल. रक्त जिथे जास्त जातं तो भाग उजळ दिसतो, कमी जातं तो काळपट. या औषधाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. ‘डाय’ किंवा ‘रंगाचं इंजेक्शन’ असंही म्हणतात, पण त्यात रंग नसतो. ते पाण्यासारखं किंवा अगदी फिकट पिवळसर असतं, आणि पाण्यापेक्षा दाट, थोडं पाकासारखं.

सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये किरणं अडवण्याचं काम आयोडीन करतं. हो, आपल्या मिठातलं तेच. बाटलीवर ३०० किंवा ३५० असा आकडा दिसेल. त्याचा अर्थ एका मिलीमध्ये तितके मिलिग्रॅम आयोडीन. १०० मिलीच्या बाटलीत म्हणजे ३० ग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. हिशेब केला तर एका बाटलीत दोन लाख दिवसांचं आयोडीन! पण ते औषधाच्या रेणूत घट्ट बांधलेलं असतं, शरीर ते वापरत नाही, आणि मूत्रपिंडं चांगली असतील तर बहुतेक सगळं एका दिवसात लघवीवाटे निघून जातं.

एमआरआयसाठी वेगळं कॉन्ट्रास्ट असतं, त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि ते बरंच कमी, १०-१५ मिलीच्या आसपास लागतं. पोटाच्या काही तपासण्यांत बेरियमचं पांढरं पाणी पाजतात, पण ते तोंडाने घ्यायचं, त्यामुळे आजच्या विषयात ते येत नाही. साध्या सोनोग्राफीला असं काही लागत नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की हे औषध पूर्ण विरघळलेलं असतं. त्यात गाळ नसतो, साका नसतो, तळाशी बसण्यासारखं काही नसतं. खोकल्याच्या औषधाला लागू असलेला ‘हलवून घ्या’चा नियम इथे लागू नाही. शिरेत जाणाऱ्या कॉन्ट्रास्टच्या बाटलीत काही तरंगत असेल किंवा तळाशी बसलं असेल तर ते तिथे असायलाच नको.

कण केवढा, आणि त्याने काय होतं

एक मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, कुणाचा कमी, कुणाचा जास्त. चांगल्या उजेडात, चांगल्या नजरेला ५० मायक्रॉनचा कण जेमतेम दिसू शकतो, १०० मायक्रॉनचा बऱ्यापैकी दिसतो. आता दुसरी बाजू बघा. रक्तातली लाल पेशी ७-८ मायक्रॉनची. आणि शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, केशवाहिन्या, ५ ते १० मायक्रॉन रुंद. तिथून लाल पेशीसुद्धा अंग चोरून, एकामागे एक जातात. म्हणजे तुमच्या डोळ्याला दिसणारा सगळ्यात लहान कणसुद्धा त्या वाटेला मोठाच. अरुंद बोळात ट्रॅक्टर घुसावा तसं.

भातात खडा आला तर दाताखाली येतो, आपण थुंकतो. गिळला गेलाच तरी पोटातून बाहेर पडतो. शिरेला दात नाहीत आणि बाहेर टाकायची वाटही नाही. कोपराजवळच्या शिरेत इंजेक्शन दिलं की ते रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथून थेट फुप्फुसात. फुप्फुसात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि तिथे ते गाळणीसारखं काम करतं. काचेचा, रबराचा, धातूचा कण तिथे अडकतो आणि बहुधा तिथेच राहतो. शरीर त्याच्याभोवती पेशींचं वेटोळं घालतं, छोटीशी गाठ तयार होते.

इथे घाबरून जाऊ नका. फुप्फुसात अशा केशवाहिन्या अब्जावधी आहेत. दोन-चार बंद झाल्या तर माणसाला कळतही नाही. म्हणूनच ‘कण गेला आणि माणूस तिथल्या तिथे गेला’ असं सहसा होत नाही, आणि म्हणूनच या गोष्टीकडे दुर्लक्षही होतं. पण सगळ्यांची गोष्ट सारखी नसते. तान्हं बाळ, ज्याची फुप्फुसं आधीच आजारी आहेत असा माणूस, ज्याला रोज शिरेतून काही ना काही दिलं जातंय असा पेशंट, यांच्यात कण साठत गेले तर त्रास होतो. ज्यांच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे त्यांच्यात कण फुप्फुसाची गाळणी चुकवून डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूकडे जाऊ शकतो. आणि अँजिओग्राफीत तर नळी धमनीतच घालतात, हृदयाच्या किंवा मेंदूच्या नळीपर्यंत नेतात. तिथे मध्ये फुप्फुस नाहीच. तिथे कणाला थेट महत्त्वाच्या जागी सोडल्यासारखं होतं.

आणखी एक फरक आहे. काच-रबर हे निर्जीव. पण बाटलीत कापसासारखं, धाग्यासारखं काही तरंगत असेल तर ती बुरशीही असू शकते. बुरशी रक्तात गेली तर गोष्ट वाहिनी बंद होण्याची राहत नाही, जंतुसंसर्गाची होते, आणि ती जिवावर बेतू शकते. तो धागा कापसाचा आहे की बुरशीचा हे तुम्हालाही कळणार नाही आणि सेंटरवाल्यालाही. ठरवत बसायचंच नाही. बाटली बाजूला.

शरीरात गेलेला कण किती काळ राहू शकतो याचा एक जुना दाखला आहे. १९३० ते १९५० च्या दशकांत युरोप, अमेरिका, जपानमध्ये थोरोट्रास्ट नावाचं कॉन्ट्रास्ट वापरलं जायचं. त्यात थोरियम या किरणोत्सारी धातूचे अतिसूक्ष्म कण मुद्दामच घातलेले असत. फोटो सुंदर यायचे, पेशंटला लगेच त्रासही व्हायचा नाही, म्हणून डॉक्टर खूश. पण ते कण बाहेर पडत नव्हते. यकृतात, प्लीहेत जन्मभर बसून राहिले आणि वीस-तीस वर्षांनी लोकांना यकृताचे कर्करोग होऊ लागले. आजचं कॉन्ट्रास्ट तसं अजिबात नाही, ते विरघळतं आणि निघून जातं. मी हे एवढ्याचसाठी सांगितलं की ‘तेव्हा काही झालं नाही ना, मग झालं’ हा हिशेब शिरेतल्या कणाला लावता येत नाही.

बंद बाटलीत कण येतो कुठून

इंजेक्शनच्या कारखान्यात हवा गाळलेली असते, पाणी खास शुद्ध केलेलं असतं, आणि औषध भरण्याआधी अगदी बारीक, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जातं. जंतूसुद्धा त्यातून सुटत नाहीत. मग कण येतो कसा? तो गाळणीनंतर येतो. काचेची बाटली आतून सोलवटते आणि काचेच्या पापुद्र्यासारख्या चकत्या सुटतात. रबरी बुचाचा भुगा पडतो. यंत्राचे दोन भाग एकमेकांवर घासतात. कामगाराच्या कपड्याचा धागा पडतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. २०१० साली अमेरिकेत ॲमजेन या मोठ्या कंपनीने रक्तवाढीच्या इंजेक्शनच्या बॅचेस परत मागवल्या, कारण बाटल्यांत काचेच्या पातळ चकत्या असण्याची शक्यता होती. आणि कोरोनाची लस तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जपानमध्ये लसीकरण केंद्रांवर मॉडर्ना लसीच्या न वापरलेल्या बाटल्यांत बारीक कण दिसले. सुमारे १६ लाख ३० हजार डोस थांबवले. तपासात निघालं की ते स्टेनलेस स्टीलचे कण होते. स्पेनमधल्या कारखान्यात बूच बसवणाऱ्या यंत्राची जोडणी नीट झाली नव्हती आणि दोन धातूचे भाग घासत होते. एवढा मोठा कारखाना, एवढी यंत्रं, आणि शेवटी ते सापडलं कुणाला? लस देण्याआधी बाटली डोळ्यांसमोर धरून बघणाऱ्या माणसाला.

मग सगळ्या बाटल्या पूर्ण कणमुक्त असतात का? नाही, आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. डोळ्याला न दिसणारे थोडे कण प्रत्येक इंजेक्शनमध्ये असतात. अमेरिका, युरोप, जपान यांच्या औषधकोशांनी मिळून त्याची मर्यादा ठरवली आहे. यंत्राने मोजताना १०० मिलीपर्यंतच्या बाटलीत १० मायक्रॉन व त्याहून मोठे कण ६००० पेक्षा जास्त नकोत, आणि २५ मायक्रॉन व त्याहून मोठे ६०० पेक्षा जास्त नकोत. आकडा ऐकून पोटात गोळा येतो खरा. पण हे प्रयोगशाळेचं काम आहे, ते आपण करू शकत नाही आणि त्याची काळजीही करत बसायची नाही. डोळ्याला दिसणाऱ्या कणांना मात्र अशी सूट नाही. त्यासाठी कारखान्यात एकेक बाटली काळ्या आणि पांढऱ्या पडद्यापुढे, भरपूर उजेडात, प्रत्येकी पाच-पाच सेकंद धरून तपासायची असते. काही कारखान्यांत हे यंत्र करतं, काही ठिकाणी माणसंच करतात. पाच सेकंद काळ्यापुढे, पाच सेकंद पांढऱ्यापुढे. आपण तांदूळ निवडतो त्याच जातीचं काम आहे हे.

कारखान्यातून बाटली चांगली निघाली तरी वाटेत बिघडू शकते. कॉन्ट्रास्ट दाट असतं, त्यात औषध खचाखच विरघळवलेलं असतं. थंडीत राहिलं तर काही प्रकारांत साखरेच्या पाकात कणी धरते तसे स्फटिक धरू शकतात. खोक्यावर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं, बहुतेकांवर ३० अंशांच्या खाली ठेवा, उजेडापासून दूर ठेवा, गोठवू नका असं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात किती अंश असतात ते तुम्हीच सांगा. बाटली आदल्या दिवशी आणून ठेवली असेल तर मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, चुलीजवळच्या फळीवर नको, आणि ‘औषध आहे, थंड असलेलं बरं’ म्हणून फ्रीजमध्येही नको. सावलीतल्या कपाटात, खोक्यातच असू द्या. खरं तर स्कॅनच्या दिवशीच विकत घेतलेलं सगळ्यात बरं.

शेवटचा धोका स्कॅनच्या खोलीतला. रबरी बुचात जाड सुई खुपसली की सुईचं पोकळ टोक कधी कधी रबराचा एक बारीक गोल तुकडा कापून काढतं. पपईत नळी घुसवली की आत गर येतो तसा. तो तुकडा औषधात पडतो किंवा सिरिंजमध्ये ओढला जातो. एकदा टोचलं तर शक्यता कमी, चार वेळा टोचलं तर जास्त. आणि चार वेळा टोचायची वेळ कधी येते? एक बाटली दोन-तीन पेशंटना वापरली तर.

यावर थोडं जास्त बोलायला हवं. तुम्ही ५० मिलीची बाटली विकत आणली, पेशंटला ४० मिली लागलं, १० मिली उरलं. ते टाकून द्यायचं असतं. नेहमीची ५० आणि १०० मिलीची बाटली एका पेशंटसाठी असते. बऱ्याच पेशंटना मिळून वापरायच्या मोठ्या बाटल्या वेगळ्या असतात, त्यांच्यावर तसं छापलेलं असतं आणि त्या वापरायची पद्धतही वेगळी. पण एकेकाचं उरलेलं साठवून चौथ्याला देणं, किंवा तुमची सीलबंद बाटली ठेवून घेऊन आधीची फोडलेली तुमच्या माणसाला वापरणं, असे प्रकार होतात. त्यात पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न रबराच्या कणांचा आणि एकाचे जंतू दुसऱ्याला जाण्याचा आहे. म्हणून सरळ म्हणा, ‘दादा, ही बाटली माझ्यासमोर फोडा, आणि रिकामी झाली की मला दाखवा.’ यात कुणाचा अपमान नाही. गॅस सिलिंडर आला की सील बघतोच ना आपण, वजन करून मागतो ना.

बघायचं कसं

खोकं उघडा, बाटली बाहेर काढा. वरचं ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण मात्र काढू नका, ते काढलं की बाटली उघडली असं धरतात आणि दुकानदार परत घेणार नाही.

बाटली हलवू नका. हलवली की बुडबुडे होतात आणि बुडबुडे कणांसारखेच चमकतात. हळूच उलटी करा, पुन्हा सरळ करा, आणि दोन क्षण थांबा. बुडबुडा वर जातो. कण खाली बसतो, किंवा मध्येच तरंगत गोल फिरतो. आधी काळ्या कशापुढे धरा. काळा पदर, छत्री, काहीही चालेल. पांढरे कण, काच, धागे त्यावर दिसतात. मग पांढऱ्यापुढे धरा, डॉक्टरांची चिठ्ठी आहेच हातात. रबराचे आणि इतर काळे कण त्यावर दिसतात. खिडकीजवळ उजेडात उभ्या राहा. ज्यांना जवळचं दिसायला चष्मा लागतो त्यांनी चष्मा लावा, किंवा सोबतच्या लेकराला दाखवा, लहानांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते. काही बाटल्या प्लॅस्टिकच्या असतात आणि काचेइतक्या स्वच्छ दिसत नाहीत. तिथे जेवढं दिसेल तेवढंच.

रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा हवा. गढूळ, दुधाळ किंवा तपकिरी नको. बुचाभोवती चिकटपणा किंवा ओल नको, बाटलीला तडा नको. मुदत संपल्याची तारीख बघा. आणि मोबाइलवर लेबलचा एक फोटो काढा, बॅच नंबर स्पष्ट येईल असा. बिल जपून ठेवा, बिलावरही बॅच नंबर असतो आणि तो बाटलीवरच्याशी जुळायला हवा. बिल मिळालं नाही तर मागा. ‘बिल घेतलं तर टॅक्स लागेल’ म्हणणाऱ्या दुकानातून शिरेतलं औषध घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

दिसलेले स्फटिक घरी बाटली गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा उद्योग करू नका. सेंटरवर कॉन्ट्रास्ट अंगाच्या तापमानाइतकं कोमट करतात हे खरं, पण ते दाटपणा कमी व्हावा, नीट वाहावं म्हणून. बिघडलेली बाटली दुरुस्त करायला नव्हे.

घाई का करायची नाही तेही सांगते. सलाईन थेंब थेंब जातं, अर्ध्या वाटेत बंद करता येतं. सीटीचं कॉन्ट्रास्ट पुष्कळदा यंत्राने जातं, सेकंदाला २ ते ५ मिली वेगाने. पूर्ण बाटली अर्ध्या-एक मिनिटात शिरेत. एकदा सुरू झालं की मागे वळायला वेळ नसतो.

कणांचा दोष नसलेल्या गोष्टी

हे वाचून पेशंटला काहीही झालं की ‘बाटली खराब होती’ असं म्हणू नका. कॉन्ट्रास्ट जाताना अंगभर गरम वाटतं, तोंडात धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे औषधाच्या गुणामुळे, दोन मिनिटांत जातं. अंगावर गांध्या उठणं, खाज, घसा आवळणं, दम लागणं ही ॲलर्जी असू शकते. लगेच ओरडून सांगायचं, आणि स्कॅननंतर अर्धा तास तरी तिथेच बसायचं. सुईच्या जागी हात टम्म फुगला तर औषध शिरेबाहेर गेलेलं असतं, तेही तिथल्या तिथे दाखवायचं. आधी कधी अशा इंजेक्शनने त्रास झाला असेल, दमा असेल, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा आजार असेल, साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, पाळी चुकलेली असेल, तर स्कॅनच्या आधी डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनिनची तपासणी सांगितली असेल तर पैसे वाचवायला ती टाळू नका. या गोष्टींनी होणारा त्रास कणांनी होणाऱ्या त्रासापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतो.

त्या ताईंचं काय झालं

आतल्या मुलाने बाटली मागितली तेव्हा ताई म्हणाल्या, ‘डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले तर लावा.’ थोडी कुरकुर झाली. मागे रांग होती, रांगेतल्या बायाही वैतागल्या. पण रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी बाटली दिव्यासमोर धरली आणि लगेच बाजूला ठेवली. दुकानातून दुसरी आणायला सांगितली, वेगळ्या बॅचची. दुकानदाराने आधी ‘विकलेला माल परत नाही’ असं सुनावलं, डॉक्टरांनी फोन केल्यावर बदलून दिली. स्कॅन दोन तास उशिरा झाला, शेवटची एसटी चुकली, रात्री स्टँडवर काढावी लागली. पेशंट सुखरूप आहे. पण ती पहिली बाटली कुठे गेली, त्या बॅचच्या बाकीच्या बाटल्या कुणाला लागल्या, ते कुणालाच माहीत नाही. ताईंनी फोटो काढला नव्हता आणि तक्रार कुठे करायची हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मला त्या सगळ्या प्रसंगात हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

तक्रारीची वाट अशी आहे. आपल्या राज्यात औषधांच्या दुकानांवर आणि कारखान्यांवर अन्न व औषध प्रशासनाची नजर असते. प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं कार्यालय असतं, औषध निरीक्षक असतात. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५. बाटली, खोकं, बिल, फोटो हे सगळं असेल तर निरीक्षक त्याच बॅचच्या दुसऱ्या बाटल्यांचे नमुने दुकानातून उचलू शकतात आणि सरकारी प्रयोगशाळेत पाठवू शकतात. नमुना नापास झाला तर ती बॅच बाजारातून काढायला लावतात. केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला अशा नापास औषधांची यादी बॅच नंबरसह प्रसिद्ध करते, आणि इंजेक्शनच्या नावासमोर ‘कण आढळले’ हे कारण त्यात पुन्हा पुन्हा दिसतं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातल्या कलम २६ प्रमाणे सामान्य ग्राहकसुद्धा ठरलेली फी भरून विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. ग्रामसंघाच्या नावाने अर्ज करायचा की एखाद्या ताईच्या नावाने, ते आधी कार्यालयात विचारून घ्या, कारण बिल ज्याच्या नावावर असतं त्याचा प्रश्न येतो.

इंजेक्शन दिल्यानंतर पेशंटला त्रास झाला असेल तर आणखी एक क्रमांक आहे: १८००-१८०-३०२४. हा गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा. कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत लागतो. पेशंटचे नातेवाईकही सांगू शकतात, डॉक्टरच हवेत असं नाही.

खराब वाटलेली बाटली फोडू नका, दुसऱ्या भांड्यात ओतू नका. खोक्यात घालून, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सावलीत ठेवा. दुकानदार म्हणेल, ‘बाटली द्या, बदलून देतो.’ पेशंट टेबलावर असेल तेव्हा बदलून घ्यावीच लागते, पैसे दोनदा भरायला कुणाकडे असतात! तेव्हा बाटली परत देण्याआधी तीन फोटो काढा: एक लेबलचा, एक बिलाचा, आणि एक काळ्या कापडापुढे धरलेल्या बाटलीचा, कण दिसेल असा. आणि त्याच दिवशी फोन करा, दुकानात त्या बॅचच्या बाटल्या शिल्लक आहेत तोवर.